वृद्धांच्या कैवारी : डॉ. मार्जोरी वॉरन

वैद्यकशास्त्राच्या इतिहासातली जी नावे आपण शाळेपासून ऐकतो ती बहुतेक शोध लावणाऱ्यांची असतात. कुणी देवीची लस काढली, कुणी क्षयाचा जंतू ओळखला, कुणाला बुरशीत पेनिसिलिन सापडले. डॉ. मार्जोरी वॉरन या इंग्रज बाईंच्या नावावर असा एकही जंतू नाही की एकही औषध नाही. लंडनच्या पश्चिमेकडील एका इस्पितळात कुणालाच नको असलेले वॉर्ड त्यांच्या वाट्याला आले, आणि तिथे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे निजून असलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांनी एकेक करून तपासले. केले ते एवढेच. परंतु एवढ्यातूनच ब्रिटनमध्ये वृद्धवैद्यकाची स्वतंत्र शाखा उभी राहिली आणि या शाखेची माता म्हणून जगभरचे डॉक्टर आज त्यांचे नाव घेतात.

मार्जोरी विन्सम वॉरन यांचा जन्म १८९७ साली लंडनमध्ये झाला. वडील बॅरिस्टर होते. घरात पाच मुलीच, आणि त्यांत मार्जोरी थोरली. शालेय शिक्षण संपवून तिने डॉक्टर व्हायचे ठरवले तेव्हा लंडनमधील बहुतेक नामांकित वैद्यकीय विद्यालयांचा कल मुलींना दाराबाहेर ठेवण्याकडेच होता. ज्या संस्थेने स्त्रियांना हे शिक्षण प्रथम दिले ती म्हणजे १८७४ साली निघालेली, रॉयल फ्री इस्पितळाशी जोडलेली स्त्रियांची वैद्यकीय शाळा. मराठी वाचकाला ही शाळा अगदीच परकी नाही. बालविवाहाच्या खटल्यामुळे गाजलेल्या आपल्या डॉ. रखमाबाई याच शाळेत शिकल्या, आणि १८९४ साली डॉक्टर होऊन परत आल्यावर सुरतेस स्त्रियांचे इस्पितळ त्यांनी सांभाळले. पुढे काही दशकांनी त्याच वर्गखोल्यांतून मार्जोरी वॉरन १९२३ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

१९२६ साली त्या आयलवर्थ येथील इस्पितळात साहाय्यक डॉक्टर म्हणून लागल्या. हेच पुढे वेस्ट मिडलसेक्स इस्पितळ या नावाने ओळखले गेले. वॉरनबाईंचा ओढा शस्त्रक्रियेकडे होता आणि आपल्या हातून उत्तम सर्जन घडणार असे त्यांना वाटत असावे. १९३१ च्या सुमारास त्या उपअधीक्षक झाल्या. इथवरचे चरित्र एखाद्या हुशार, कष्टाळू डॉक्टरीणबाईचे असते तसेच आहे. म्हणून ते मी भराभर सांगितले. खरी गोष्ट १९३५ साली सुरू होते.

इस्पितळाला लागूनच एक वर्कहाऊस होते. वर्कहाऊस म्हणजे गरिबांविषयीच्या जुन्या इंग्रज कायद्याने उभारलेले घर. निराधार, अपंग, वेडसर, कुमारी माता, म्हातारेकोतारे अशा ज्यांना कुठेच जागा नाही त्यांना तिथे ठेवीत. मदत तर द्यायची, पण ती घ्यायला कुणी सहजी येऊ नये इतपत कठोरपणे द्यायची, असा त्या व्यवस्थेचा बाणा होता. १९२९ च्या कायद्याने अशा संस्था स्थानिक कौन्सिलांकडे गेल्या आणि १९३५ मध्ये या वर्कहाऊसचे ७१४ खाटांचे रुग्णालय वेस्ट मिडलसेक्समध्ये सामील झाले. त्याची जबाबदारी वॉरनबाईंवर आली.

तिथे त्यांना काय दिसले? लांबलचक वॉर्डांतून खाटांच्या रांगा. सगळ्या रोग्यांची सरमिसळ. पक्षाघात झालेल्या म्हातारीशेजारी भ्रम झालेली बाई, तिच्याशेजारी जिला केवळ घर नाही म्हणून आणून ठेवले आहे अशी तिसरी. भिंती कळकट, उजेड बेताचा. बहुतेकांचे निदान असे कुणी केलेलेच नव्हते. वय हेच निदान, आणि खाट हाच उपचार. ज्याला नुसता आधार दिला असता तर चालता आले असते असा माणूसही निजूनच होता. आणि निजून राहिल्याने त्याचे गुडघे आखडले, स्नायू वाळले, पाठीला जखमा पडल्या, मलमूत्रावरचा ताबा गेला. मग या सगळ्याला म्हातारपण हे नाव मिळाले. वॉरनबाईंनी पाहिले ते हे, की यातले कितीतरी म्हातारपणाने आलेले नाही, खाटेने आणलेले आहे.

हे पाहण्याला विलक्षण बुद्धी लागते असे नाही. तिथल्या परिचारिकांनाही ते दिसत असणार. पण वॉरनबाई उपअधीक्षक होत्या, खाटांवर त्यांचा अधिकार चालत होता, हा मुद्दा त्यांच्या चरित्रकथनात बरेचदा निसटतो. त्यांनी प्रत्येक रोग्याची रीतसर तपासणी केली आणि रोग्यांचे गट पाडले : हिंडूफिरू शकणारे, खाटेला खिळलेले पण शौचशुद्धी असलेले, ती नसलेले, थोडासा भ्रम असलेले पण शांत, आणि ज्यांची बुद्धी पुरती गेली आहे असे. ज्याला जी व्यवस्था हवी तिथे त्याला हलवले. भिंतींना फिकट रंग दिला, दिवे चांगले लावले, धरून चालायला कठडे बसवले, उठून बसता यावे म्हणून चांगल्या खुर्च्या आणल्या, रेडिओ ऐकायची सोय केली. फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, समाजसेविका, पायांची निगा राखणारा असे सर्वजण एका रोग्याचा मिळून विचार करतील ही रीत घातली. एकट्या डॉक्टरचे हे काम नव्हे हे त्यांनी फार लवकर ओळखले. पक्षाघाताच्या रोग्यांना आणि पाय कापलेल्या वृद्धांना पुन्हा उभे करणे यावर तर त्यांचा विशेष हात बसला. शस्त्रक्रियेचे शिक्षण इथे कामी आले.

परिणाम असा झाला, की आता मरेपर्यंत इथेच, असे ज्यांच्याविषयी ठरून गेले होते त्यांतले पुष्कळ लोक चालत घरी गेले, काही साध्या निवासगृहांत गेले. लागणाऱ्या खाटांची संख्या निम्म्याहून खाली आली आणि उरलेल्या खाटा क्षयरोग्यांच्या उपयोगी पडल्या.

वॉरनबाईंची मला पटलेली सर्वांत मोठी गोष्ट मात्र वॉर्डातली नाही, वॉर्डाच्या दाराशी असलेली आहे. १९४३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आणि १९४६ साली लॅन्सेटमध्ये त्यांचे लेख आले. त्यांत त्यांचा आग्रह असा, की वृद्ध माणूस आजारी पडला की त्याला आधी सर्वसाधारण इस्पितळात आणावे, जिथे क्षकिरण आहेत, रक्ततपासणी आहे, शिकाऊ डॉक्टर आहेत. तिथे त्याचे निदान व्हावे आणि मगच तो कायमचा रोगी की बरा होणारा हे ठरावे. शिक्का आधी आणि तपासणी नंतर, किंवा तपासणी नाहीच, हा क्रम त्यांनी उलटा केला. वृद्धांसाठी इस्पितळातच वेगळा विभाग असावा आणि विद्यार्थ्यांना तिथे शिकवावे, ही मागणीही त्यांनी मांडली.

हे वाचताना मला माझा मुलूख आठवतो. मी मूळचा पांढुर्ण्याकडचा. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा, घरात मराठी, कचेरीत हिंदी. (इथे दुसऱ्या सीमेवर येऊन राहिल्यावर कानडी मित्राच्या घरी अज्जी हा शब्द ऐकला आणि आपल्या आजीचे हे सख्खे भावंड आहे हे कळायला शब्दकोश लागला नाही.) पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीत पळसाचे झाड रोवून गोटमार होते, शेकडो माणसे जखमी होतात, डोकी फुटतात. त्या दिवशी डॉक्टर, मलमपट्टी, रुग्णवाहिका सारे नदीकाठी सज्ज असते, आणि असायलाच हवे. पण त्याच गावात एखाद्या पहाटे न्हाणीघरात घसरून एखादी म्हातारी पडते. तिच्यासाठी कुणी धावत नाही. आमच्या घरी माझ्या आजीचे असेच झाले. खुबा दुखावला होता. घरच्यांनी हळद-तेल लावून निजवले, तिसऱ्या दिवशी ती बरळू लागली तेव्हा बुढीचे आता वय झाले असे शेजारपाजार म्हणू लागला, आणि नागपूरकडच्या एका दवाखान्यात नेले तेव्हा ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनीही, स्वभावाने भले असूनही, साधारण तेच सांगितले. आमच्याकडे दुखणे हटेना की लोक सौंसरजवळ जामसावळीला निजलेल्या मारुतीच्या पायाशी माणूस घेऊन जातात. आजीलाही नेले. श्रद्धेला माझी हरकत नाही. पण देवळाच्या आधी लागणारा जो एक मुक्काम, तिथे तिला ओळखणारे कुणी नव्हते.

ओळखणारे म्हणजे काय, हे सांगणे जरूर आहे. वृद्ध शरीरात आजार आपल्या ठरावीक वेषात येत नाही. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताच येतो. नुसता थकवा, धाप किंवा घेरी. न्युमोनियात ताप चढत नाही. लघवीतला जंतुसंसर्ग, मे महिन्याच्या उन्हात अंगातले कमी झालेले पाणी, किंवा पाच डॉक्टरांनी दिलेल्या पाच गोळ्यांचे आपसातले भांडण, यांचे पहिले लक्षण पुष्कळदा एकच असते : काल शहाणे असलेले माणूस आज भ्रमिष्ट बोलू लागते. हा भ्रम अचानक आलेला असेल तर ते वेड नव्हे, ती धोक्याची घंटा आहे. खुब्याचे हाड मोडले तर शक्य तितक्या लवकर, दोन दिवसांच्या आत, शस्त्रक्रिया करून माणूस उभा करावा असा आजचा दंडक आहे. कारण वॉरनबाईंनी वॉर्डात पाहिलेली सारी विघ्ने खाटेवरच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतात.

अशा रोग्याला आपत्कालीन कक्षात ओळखायचे तर तिथे या विषयाचा जाणता तर हवाच, पण त्याच्या शब्दाला वजनही हवे. अमेरिकेत २०१४ साली आपत्कालीन वैद्यक आणि वृद्धवैद्यक या दोन्ही शाखांच्या संघटनांनी मिळून वृद्धांसाठीच्या आपत्कालीन कक्षांची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि २०१८ पासून असे कक्ष तपासून मान्यता देण्यास सुरुवात झाली. आपल्याकडे मद्रास मेडिकल कॉलेजात वृद्धवैद्यकाचा एम.डी. अभ्यासक्रम १९९६ साली सुरू झाला, आपत्कालीन वैद्यकाच्या एम.डी.ला २००९ साली मान्यता मिळाली, आणि वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतर वर्षभराने आला. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक दहा कोटींहून अधिक भरले. या दोन शाखा जिथे एकमेकींना भेटतात त्या दाराशी उभे राहून मला हे काम द्या, मला त्याचा अधिकारही द्या, असे म्हणणारे डॉक्टर हवेत. आमच्या प्राध्यापकवर्गात पदाची इच्छा धरणे थोडे हलके समजतात. मला ते पटत नाही. ज्या खुर्चीसाठी रांग आहे तिथली धडपड वेगळी, आणि जी खुर्ची धूळ खात पडली आहे ती मागून घेणे वेगळे. वॉरनबाई नुसत्या दयाळू असत्या आणि अधीक्षकांच्या खोलीत त्यांना स्थान नसते, तर त्या ७१४ खाटांपैकी एकही हलली नसती.

त्यांनाही ते स्थान सुखासुखी लाभले नाही. त्या स्त्री, इस्पितळ कौन्सिलचे, आणि विषय म्हाताऱ्यांचा. लंडनच्या मोठ्या शिक्षण-इस्पितळांतले विद्वान या तिन्हींकडे वरून पाहत. त्यावर त्यांचे उत्तर म्हणजे सतत लिहिणे, बोलणे आणि आपला वॉर्ड आल्यागेल्याला दाखवणे. १९४७ साली समविचारी डॉक्टरांची एक छोटी संस्था निघाली तीत त्या होत्या. तीच आजची ब्रिटिश जेरियाट्रिक्स सोसायटी. १९४८ च्या जुलैत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि वृद्धवैद्यकाचे तज्ज्ञ म्हणून पगारी जागा निर्माण होऊ लागल्या. देशोदेशीचे डॉक्टर आयलवर्थला येऊन जात, आणि बाईही व्याख्यानांसाठी परदेशी जात. त्यांनी लग्न केले नाही. शिस्तीला त्या कडक होत्या. रोग्याला हात देण्याआधी त्याने स्वतः उठायचा प्रयत्न करावा हा त्यांचा हट्ट असे, आणि नव्याने आलेल्या नर्सला तो निष्ठुरपणा वाटला असल्यास नवल नाही.

त्या शेवटपर्यंत वेस्ट मिडलसेक्समध्येच राहिल्या. १९६० च्या सप्टेंबरात युरोपात प्रवासात असताना मोटारीला अपघात झाला आणि त्यातच त्या गेल्या. वय बासष्ट होते. त्यांच्या वॉर्डातल्या बहुतेकांहून कमी.