समुद्रावरचा हक्क : वालचंद हिराचंद

प्रस्तावना

मालवाहू जहाज बंदर सोडते तेव्हा ते अनेक नियमांनी बांधलेले असते. जहाजाच्या बाजूवर भाररेषा रंगवलेली असते. ती पाण्याखाली जाईल इतका माल जहाजात भरता येत नाही. जहाज सागरप्रवासास योग्य असल्याचा दाखला लागतो. कप्तान, त्याचे सहायक अधिकारी आणि इंजिनियर यांच्याजवळ परीक्षा देऊन मिळवलेली प्रमाणपत्रे असावी लागतात. जहाज आणि त्यावरील माणसे सुखरूप परतावीत, हा या नियमांचा हेतू असतो.

पारतंत्र्याच्या काळात भारताच्या समुद्रावर आणखीही काही नियम चालत. आपल्या किनाऱ्यावरचा माल कोणी वाहायचा आणि जहाजावर अधिकारी म्हणून कोणी उभे राहायचे, हे तेव्हा भारतीय ठरवत नव्हते. ही स्थिती बदलावी म्हणून तीस वर्षे झगडलेल्या सोलापूरच्या एका उद्योजकाची जीवनकथा या पाठात आपण वाचणार आहोत.

मूळ पाठ

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे गुजरातमधील जैन व्यापाऱ्यांचे. परंतु व्यापाराच्या निमित्ताने ते सोलापूर परिसरात स्थायिक झाले होते. सावकारी व कापसाचा व्यापार हे घरचे व्यवसाय होते. सोलापुरात शालेय शिक्षण झाल्यावर वालचंद पुढील शिक्षणासाठी मुंबई व पुणे येथे गेले. मात्र पदवी न घेताच ते घरच्या व्यवसायात आले. गादीवर बसून व्याजाचा हिशेब करण्यात त्यांचे मन रमेना. पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेमार्गाच्या बांधकामाची कंत्राटे घेण्यास आरंभ केला. बार्शी लाइट रेल्वेपासून सुरू झालेले हे काम पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत पोहोचले. अवघड कामे अंगावर घेण्याची आणि ती तडीस नेण्याची सवय त्यांना या काळात लागली.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या मालकीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट विक्रीस निघाली. युद्धकाळात तिचा उपयोग रुग्णालय-जहाज म्हणून झाला होता. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास या मुंबईच्या उद्योजकांसह ती विकत घेतली. मार्च १९१९ मध्ये ‘सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी’ स्थापन झाली. शिंदे या आडनावाचे इंग्रजी रूप कंपनीला मिळाले, ते या जहाजामुळेच. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनच्या प्रवासास निघाली. भारतीयांच्या मालकीचे जहाज परदेशी निघाले, ही त्या काळी साधी घटना नव्हती.

ते जहाज जुने होते आणि त्याचा खर्च भागेना. अखेर १९२३ मध्ये ते मोडीत निघाले. पण कंपनीने तोवर दुसरी मालवाहू जहाजे मिळवली होती. खरा संघर्ष ही जहाजे भारताच्या किनाऱ्यावर चालू लागल्यावर सुरू झाला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानाचाच भाग होता. रंगूनचा तांदूळ आणि कलकत्त्याचा कोळसा समुद्रमार्गे निरनिराळ्या बंदरांत जात असे. ही वाहतूक मुख्यतः लॉर्ड इंचकेप यांच्या ‘ब्रिटिश इंडिया’ कंपनीच्या हाती होती. नवी भारतीय कंपनी दिसताच भाड्याचे दर उतरवण्यात आले. मोठ्या कंपनीला काही वर्षे तोटा सोसता येतो. लहान कंपनीला तो सोसवत नाही, हे त्यामागचे गणित होते.

दुसरे साधन अधिक बारकाईचे होते. व्यापाऱ्याने दिलेल्या भाड्यातील काही भाग त्याला परत मिळे, पण तो ताबडतोब नव्हे, तर काही महिन्यांनी. त्या मुदतीत त्याने एकदा जरी आपला माल दुसऱ्या कंपनीच्या जहाजातून पाठवला, तर साठलेली सगळी सूट बुडे. त्यामुळे भारतीय जहाजाबद्दल आपुलकी असलेला व्यापारीही त्याच्याकडे वळण्यास धजत नसे.

याच रीतीने पूर्वी एक भारतीय कंपनी बुडाली होती. व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिन येथे स्थापन केलेली स्वदेशी जहाज कंपनी दरयुद्ध आणि सरकारी रोष यांपुढे टिकली नव्हती. आता ‘सिंदिया’ विकत घेण्याचाही प्रयत्न झाला. संचालकांनी त्यास नकार दिला. शेवटी १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. ‘सिंदिया’ला किनारी मालवाहतुकीत स्थान मिळाले, परंतु तिच्या जहाजांच्या एकूण क्षमतेवर मर्यादा आली, तसेच प्रवासी वाहतूक व परदेशी व्यापार यांपासून तिला दूर राहावे लागले.

हा करार वालचंदांना मानहानीचा वाटला. तरीही त्यांनी तो स्वीकारला. नकार दिला असता तर मान राहिला असता, पण कंपनी राहिली नसती. वाकून का होईना, तग धरायची आणि मिळालेल्या दहा वर्षांत नियम बदलण्यासाठी झटायचे, हा मार्ग त्यांनी पत्करला. या निर्णयाची किंमत मोठी होती. त्याचे फळ मात्र पुढे दिसून आले.

पहिला प्रश्न अधिकाऱ्यांचा होता. रत्नागिरीचे आणि गोव्याचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींवर राबत होते. कोणी कोळसा टाकत, कोणी डेक सांभाळत. पण सुकाणूजवळचा अधिकारी बहुधा इंग्रजच असे. प्रमाणपत्राची परीक्षा देण्यापूर्वी जहाजावर उमेदवारी करावी लागे आणि ब्रिटिश कंपन्या भारतीय तरुणांना अशी उमेदवारी देत नसत. सुरक्षिततेसाठी केलेला नियम योग्यच होता. त्याची वाट मात्र एकाच समाजाला मोकळी होती. १९२३ मध्ये नेमलेल्या सरकारी समितीने प्रशिक्षणाची शिफारस केली आणि १९२७ मध्ये मुंबईच्या बंदरात ‘डफरीन’ हे प्रशिक्षण-जहाज सुरू झाले. तेथून शिकून निघालेल्या तरुणांना ‘सिंदिया’ने आपल्या जहाजांवर उमेदवारी दिली. यांतूनच भारतीय अधिकाऱ्यांची पहिली पिढी घडली.

दुसरा प्रश्न किनाऱ्याच्या हक्काचा होता. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी केंद्रीय विधिमंडळात एक विधेयक मांडले. किनारी वाहतूक टप्प्याटप्प्याने भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, ही त्यातील मागणी होती. वालचंदांनी तिच्यासाठी देशभर लोकमत तयार करण्याचे काम केले. विधेयक संमत झाले नाही. उलट १९३५ च्या कायद्याने ब्रिटिश जहाजांविरुद्ध भेदभाव करणारा कायदा भारतात होऊ नये, अशी तरतूद केली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले होते. या पराभवानंतरही त्यांनी मागणी सोडली नाही.

तिसरा प्रश्न जहाजबांधणीचा होता. विशाखापट्टणम येथे २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले आणि काम खोळंबले. त्याआधी, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने वालचंदांनी बंगळूर येथे ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ हा विमान कारखाना उभारला होता. युद्धाच्या गरजेमुळे सरकारने १९४२ मध्ये त्याचा कारभार आपल्या हाती घेतला. याच कारखान्यातून पुढे ‘हिंदुस्तान एअरोनॉटिक्स’ ही संस्था विकसित झाली.

वालचंद हे व्यापारी होते. नफ्याचा विचार त्यांनाही होताच. पण नफा सहज मिळेल अशी कामे त्यांना अनेक होती आणि जहाजांचा मार्ग त्यांतला सर्वांत खडतर होता. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणम येथे पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ हे मालवाहू जहाज पाण्यात सोडण्यात आले. स्वतंत्र भारतात बांधले गेलेले ते पहिले मोठे जहाज होय. पुढच्याच वर्षी वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये त्यांनी कंपनीच्या कारभारातून निवृत्ती घेतली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्यात आली. परदेशी जहाजाने परवान्यावाचून ती करू नये, हे तत्त्व १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्यात नोंदले गेले. २०२५ मध्ये किनारी जहाजवाहतुकीसाठी स्वतंत्र कायदा झाला, त्यातही परवान्याचे तत्त्व कायम राहिले. १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस ‘राष्ट्रीय सागरी दिन’ म्हणून पाळला जातो. ज्या दिवशी ‘लॉयल्टी’ने मुंबई सोडली, तोच हा दिवस. ते जहाज चारच वर्षे टिकले. त्याने उभा केलेला प्रश्न मात्र सुटेपर्यंत टिकला.

स्वाध्याय

१. भाड्यातील सूट काही महिन्यांनी देण्याच्या पद्धतीमुळे व्यापारी कसे बांधले जात, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. भारतीय तरुणांना जहाजावरील अधिकारी होणे का कठीण होते?
३. १९२३ चा करार वालचंदांनी स्वीकारला, हे तुम्हांला योग्य वाटते का? कारणे द्या.
४. तुमच्या कामाच्या ठिकाणी सुरक्षिततेसाठी असलेल्या एखाद्या नियमाविषयी पाच ओळी लिहा.