पानांचे फादर

इंजिनीअरिंगच्या अंकात झाडपाल्यावर लेख कशाला, असं तुम्हाला वाटेल. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'फादर' म्हटलं की प्रार्थना आणि शिस्तच आठवायची. पण फादर एथेलबर्ट ब्लाटर यांच्याबद्दल वाचलं आणि रीडिंग कसं नोंदवावं, हे मला एका धर्मगुरूकडून कळलं!

१८७७ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले हे जेझुइट १९०३ मध्ये मुंबईला आले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवू लागले. १९०६ मध्ये तिथे हर्बेरियम सुरू झालं. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचं दफ्तर. फांदी दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि कोपऱ्यात लेबल लावायचं: नाव, ठिकाण, तारीख, कोणी गोळा केली. लेबल नसेल तर तो नुसता पाचोळा! गंमत म्हणजे जर्मनमध्ये 'ब्लाट' म्हणजे पान, झाडाचंही आणि कागदाचंही, अगदी मराठीसारखंच.

फादर जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटात हिंडले. १९१९ ते १९२४ ते कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. पुढे तब्येत ढासळली, पाचगणीला राहावं लागलं, तरी काम सुटलं नाही. १९२६ मध्ये त्यांचा भारत-सिलोनच्या ताडवर्गावरचा ग्रंथ आला. त्यात बाहेरून आणलेली झाडंही आहेत.

आपल्या नागपुरात जुन्या बंगल्यांच्या फाटकाशी उभा असतो तो रॉयल पाम, ज्याला आपण बॉटल पाम म्हणतो, तोही असाच पाहुणा. मूळचा क्यूबा आणि आसपासचा. त्याचं पान दहा-बारा फुटांचं, कागदावर मावणार कसं? मग पानाचा तुकडा घेतात आणि खोडाची उंची, रंग लेबलवर लिहितात. त्याचं जुनं शास्त्रीय नाव ओरिओडॉक्सा होतं, नंतर रॉयस्टोनिया झालं, तेही रॉय स्टोन या अमेरिकन लष्करातल्या इंजिनीअरच्या नावावरून! नाव बदललं तरी लेबलवरची तारीख आणि ठिकाण बदलत नाही. कोणतं झाड कुठे, कधी होतं, हे शंभर वर्षांनी सांगणारा साक्षीदार तोच.

१९३४ मध्ये फादर गेले. चार्ल्स मॅककॅन यांच्यासोबत लिहिलेलं गवतांवरचं पुस्तक १९३५ मध्ये छापून आलं, ते त्यांना बघायला मिळालं नाही. १९४१ मध्ये हर्बेरियमला त्यांचं नाव दिलं गेलं. आज तिथे लाखाच्या वर नमुने आहेत.

सबमिशनच्या आदल्या रात्री आपण जर्नलमध्ये तारखा भरतो ना, तेव्हा एकदा या फादरांना आठवा!