डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी आणि बंगळूरची मानसचिकित्सेची शाळा

मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवून रुग्णांच्या उपचारात शिरू पाहणारा विद्यार्थी पुण्याचा असो की पाटण्याचा, बंगळूरच्या होसूर रस्त्यावरील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे नाव त्याच्या मनात असतेच. या संस्थेच्या मुळाशी ज्या गृहस्थांची दृष्टी आहे त्या डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी यांचे नाव मात्र मराठी वाचकाच्या कानावर क्वचितच पडले असेल. आपल्याकडे मनोरुग्णालय म्हटले की ठाणे आणि येरवडा ही नावे थट्टेच्या सुरातच पुढे येतात. ते अध्ययनाचे स्थान असू शकते ही कल्पना आपल्याला अजूनही काहीशी परकीच वाटते.

गोविंदस्वामींचे शिक्षण मानसशास्त्र आणि वैद्यक या दोन्ही शास्त्रांत झालेले होते, आणि त्यांच्या पुढील कार्याची किल्ली येथेच आहे. मैसूर विद्यापीठात ब्रजेन्द्रनाथ सील कुलगुरू असताना 1924 मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. लंडनला स्पिअरमन यांच्या हाताखाली तयार झालेले एम. व्ही. गोपालस्वामी त्याचे प्रमुख होते. (मैसूर येथे 1935 मध्ये खासगी नभोवाणी केंद्र चालू करणारे गोपालस्वामी ते हेच, आकाशवाणी हे नाव त्या केंद्राशी जोडलेले आहे.) मनाचे मापन प्रयोगशाळेत होऊ शकते हा विश्वास त्या काळच्या मैसूरच्या हवेतच होता. संस्थानाने गोविंदस्वामींना परदेशी पाठविले, तेव्हा लंडनचे मॉडस्ली रुग्णालय आणि बाल्टिमोर येथील अडॉल्फ मायर यांचा विभाग अशी दोन्ही विद्याकेंद्रे त्यांना जवळून पाहता आली. रोग्याचा विकार त्याच्या समग्र जीवनवृत्तान्तातून समजून घ्यावयाचा, केवळ लक्षणांच्या यादीवरून नव्हे, ही मायर यांची शिकवण होती.

परत आल्यावर डॉ. फ्रँक नरोन्हा यांच्यामागून बंगळूरच्या मनोरुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. 1847 मध्ये वेड्यांचे इस्पितळ म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला मैसूर सरकारने 1925 मध्येच मानसिक रुग्णालय असे नाव दिले होते. नाव बदलणे सोपे. त्या नावाला साजेसे काम उभे करण्यास मात्र पुढची तीस वर्षे लागली.

त्या काळी उपचारांची साधने तोकडी होती आणि जी होती ती उग्र होती. पोर्तुगालच्या मोनिझ यांनी 1935 मध्ये आरंभिलेली, मेंदूच्या अग्रखंडातील तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया बंगळूरलाही झाली. शल्यविशारद बालकृष्ण राव यांच्यासह गोविंदस्वामींनी भारतीय रुग्णांवरील आपला अनुभव 1944 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. आज ही शस्त्रक्रिया जवळजवळ सर्वत्र त्याज्य ठरली आहे. वर्षानुवर्षे कोंडून राहिलेल्या, कोणत्याही औषधाने न निवळणाऱ्या रुग्णासमोर उभ्या असलेल्या वैद्याची अगतिकता ध्यानात घेतली तरी, मायर यांच्या विभागात जीवनवृत्तान्ताचे महत्त्व शिकलेल्या माणसाने हा मार्ग धरावा याची टोचणी उरतेच. चरित्रकाराने ती झाकू नये. जगभर त्या पिढीच्या मनोवैद्यांनी हेच केले, आणि मोनिझ यांना 1949 मध्ये नोबेल पारितोषिकही लाभले. पण म्हणून ते क्षम्य ठरते असे मला वाटत नाही.

याच माणसाने दुसरी एक वाट उघडली. भोर समितीच्या 1946 च्या अहवालाने देशातील मनोरुग्णालयांचे दैन्य उघड केले होते. अवघ्या हिंदुस्थानासाठी खाटा सुमारे 10,000, आणि प्रशिक्षित माणसे त्याहूनही दुर्मिळ. त्यातूनच 1954 मध्ये बंगळूरच्या रुग्णालयाला जोडून अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक झाले. पुढल्याच वर्षी डॉक्टरांसाठीच्या पदविकेबरोबर मानसशास्त्राच्या पदवीधरांसाठीही वैद्यकीय मानसशास्त्राची वेगळी पदविका सुरू झाली. या घटनेचे मोल नीट ओळखले पाहिजे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ कसा घडवावा याचा निर्णय अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी बोल्डर येथील परिषदेत 1949 मध्ये केला. त्यानंतर सहाच वर्षांनी बंगळूरला विद्यार्थी रुग्णकक्षात उभा राहून शिकू लागला. बुद्धिमापनाच्या चाचण्या घेऊन डॉक्टरांच्या हाती कागद देणारा मदतनीस, एवढीच त्याची भूमिका राहू नये, ही त्यामागची धारणा होती. भारतीय दर्शने आणि आयुर्वेद यांचाही मानसचिकित्सेच्या अंगाने अभ्यास व्हावा असा गोविंदस्वामींचा आग्रह होता. या विभागाचे प्रमुखपद पुढे एस. के. रामचंद्र राव यांच्यासारख्या संस्कृत आणि बौद्ध विद्येच्या पंडिताकडे गेले, यात म्हणूनच नवल नाही.

एक उणीव मात्र राहिली. शिक्षण दिले, परंतु दर्जा पदविकेचाच. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने 1968 मध्ये चिकित्सा-मानसशास्त्राची व्यावसायिक डॉक्टरेट सुरू केली. संशोधनावर भर देणाऱ्या पीएच्.डी.हून निराळी, उपचार करणाऱ्यासाठीच बेतलेली. आपल्याकडे त्याच तोडीचे प्रशिक्षण घेतलेला माणूस रुग्णालयाच्या पदश्रेणीत डॉक्टरच्या मागेच उभा राहिला. बंगळूरच्या पदविकेच्या नावात नंतर सामाजिक मानसशास्त्राची भर पडली आणि पुढे तिचे एम.फिल. झाले. मूळ रुग्णालय आणि अखिल भारतीय संस्था 27 डिसेंबर 1974 रोजी एक झाल्या, तेव्हा गोविंदस्वामी हयात नव्हते.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ कोणास म्हणावे याची व्याख्या आहे. तीत रुग्णांसमवेत, देखरेखीखाली, पूर्णवेळ दोन वर्षे शिकण्याची अट आहे, आणि वैद्यकीय व सामाजिक मानसशास्त्र हे बंगळूरच्या अभ्यासक्रमाचे नावही जसेच्या तसे आहे. 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढण्याचे ठरविले आणि या विषयापुरती ती काही वर्षे चालू ठेवण्याची मुभा दिली. तिच्या जागी काय यावे, व्यावसायिक डॉक्टरेट की आणखी काही, या वादात रुग्णकक्षातील त्या दोन वर्षांचे काय होणार हा प्रश्न बंगळूरच्या जुन्या विद्यार्थ्यांना सर्वाधिक भेडसावत असेल.