विश्लेषण : घोडा-गाढव वेगळे, मग कुत्रा-लांडगा? ब्यूफाँ यांना आपलाच निष्कर्ष का बदलावा लागला?

दोन प्राणी एकाच प्रजातीचे आहेत का, हे कसे ठरवायचे? त्यांची पिल्ले पुढे स्वतः प्रजननक्षम असली पाहिजेत, ही कसोटी आपण शाळेत शिकतो. अठराव्या शतकात ती ठामपणे मांडणाऱ्यांत फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ अग्रणी होते. तिच्या मर्यादाही त्यांच्याच अभ्यासातून पुढे आल्या.

कोण होते ब्यूफाँ?

झॉर्झ-लुई लक्लेर, अर्थात काउंट द ब्यूफाँ यांचा जन्म ७ सप्टेंबर १७०७ रोजी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील माँबार येथे झाला. शिक्षण कायद्याचे, ओढ गणिताची. संभाव्यता शिकताना भेटणारा ‘ब्यूफाँची सुई’ हा प्रश्न त्यांचाच. १७३९ मध्ये ते पॅरिसच्या राजउद्यानाचे प्रमुख झाले. १७४९ पासून त्यांचा निसर्गाच्या इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला; त्याचे ३६ खंड निघाले.

कसोटी काय होती?

१७५३ च्या खंडात गाढवावर लिहिताना त्यांनी ती मांडली. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर जन्मते, पण खेचराचा वंश पुढे चालत नाही. म्हणून घोडा आणि गाढव वेगळे. याउलट कुत्र्यांच्या जाती दिसायला कितीही निराळ्या असल्या, तरी त्यांची एकमेकांपासूनची संतती वंश चालवते. म्हणून ते सगळे एकच.

अडचण कुठे आली?

लांडग्यापाशी. ब्यूफाँ यांनी लांडग्याचे मादी पिल्लू आणि कुत्रा तीन वर्षे एकत्र ठेवले. संकर झाला नाही, उलट वैर वाढले. दोन्ही प्रजाती वेगळ्या, असा निष्कर्ष त्यांनी छापला.

मात्र १७७३ मध्ये नामूर (आजच्या बेल्जियममध्ये) येथील एका सरदाराकडे कुत्रा आणि लांडगी यांना पिल्ले झाली. ब्यूफाँ तेव्हा पासष्टी ओलांडलेले, युरोपभर ख्याती असलेले होते. या बातमीकडे दुर्लक्ष करणे त्यांना सोपे होते. त्यांनी ही संकरित पिल्ले मागवून वाढवली आणि चार पिढ्यांपर्यंतच्या नोंदी पुरवणी खंडांत प्रसिद्ध केल्या. खेचरही पूर्णपणे वंध्य नसते, असे मत त्यांनी १७७६ मध्ये मांडले.

आजचे विज्ञान काय सांगते?

घोड्यात ६४ आणि गाढवात ६२ गुणसूत्रे असतात. खेचराला ६३ मिळतात. त्यांच्या जोड्या नीट जुळत नसल्याने प्रजनन जवळजवळ अशक्य होते. कुत्रा आणि लांडगा यांची गुणसूत्रे मात्र सारखीच, प्रत्येकी ७८.

संकरातून नवी प्रजातीही घडू शकते. अटलांटिक महासागरातील क्लायमीन डॉल्फिन हा स्पिनर आणि पट्टेरी डॉल्फिन यांच्या संकरातून आला असावा, असे २०१४ मधील जनुकीय अभ्यासात दिसले. माणूसही अपवाद नाही. आफ्रिकेबाहेरील लोकांच्या जनुकांत निअँडरथल मानवाचा अंश असल्याचे २०१० मध्ये स्पष्ट झाले.

हे आज महत्त्वाचे का?

कारण संवर्धनाचे कायदे प्रजातीवर बेतलेले असतात. अमेरिकेतील लाल लांडग्यात कायोटीचा अंश आढळतो. मग त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून संरक्षण द्यावे का, यावर तिथे अनेक वर्षे वाद झाला.

ब्यूफाँ यांचे १६ एप्रिल १७८८ रोजी पॅरिसमध्ये निधन झाले. त्यांची कसोटी पाठ्यपुस्तकांत अजून टिकून आहे. फक्त ती किती ताणायची, हे प्रत्येक प्राण्यागणिक तपासावे लागते.