शुक्रवारची दुपार आणि हिस्लॉपचा एक विद्यार्थी

कोर्ट मॅरेज केलेलं एखादं जोडपं तुमच्या ओळखीत नक्की असेल. शंभर वर्षांपूर्वी हिंदू मुलामुलीला असं रजिस्टर लग्न करायचं, तर आपण हिंदू नाहीच असं लिहून द्यावं लागायचं. १८७२ चा कायदाच तसा होता. ही अट ज्यांनी काढायला लावली, ते डॉ. हरिसिंग गौर तुमच्याच नागपुरात, हिस्लॉप कॉलेजात शिकले होते.

जन्म २६ नोव्हेंबर १८७० चा, सागरचा. हिस्लॉपनंतर केंब्रिज, मग बॅरिस्टरी आणि परत येऊन मध्य प्रांतात वकिली. कायद्यावर जाडजूड पुस्तकं लिहिली, नागपूर नगरपालिकेचं अध्यक्षपद सांभाळलं. १९२१ मध्ये ते केंद्रीय कायदेमंडळात पोहोचले. सरकारात नव्हते, साधे सभासद होते. खरी झुंज इथूनच सुरू झाली.

सरकारबाहेरच्या सभासदानं आणलेलं विधेयक म्हणजे खासगी विधेयक. त्या काळी अशा कामाला किती दिवस द्यायचे, ते गव्हर्नर जनरल ठरवायचे. कुणाचा नंबर आधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. मुद्दा कितीही मोठा असो, चिठ्ठी निघाली नाही की बसा वाट बघत! त्यात सभागृहाची मुदत तीन वर्षांची. ती संपली की लटकलेलं विधेयक बाद, पुन्हा श्रीगणेशा.

गौर यांनी लग्नाचं विधेयक १९२१ मध्येच मांडलं. सनातनी मंडळी खवळली. शेवटी व्याप्ती कमी करून, हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्यापुरतं ते १९२३ मध्ये मंजूर झालं. जात वेगळी असली तरी धर्म न सोडता लग्न करता येऊ लागलं. कायदा परिपूर्ण नव्हता. असं लग्न केलं की एकत्र कुटुंबापासून फारकत झाली असं धरलं जायचं. पण दार उघडलं. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदाही १९२३ चाच. त्यासाठीही गौर भांडले होते.

सगळंच जमलं असं नाही. मुलींचं संमतीवय वाढवणारं त्यांचं विधेयक १९२५ मध्ये अगदी शेवटच्या टप्प्यावर पडलं. मग सरकारनं त्याच वर्षी स्वतःचा, सौम्य कायदा केला. विवाहितेसाठी वय ठरलं फक्त १३! गौर गप्प बसले नाहीत, पुन्हा विधेयक घेऊन आले. त्या प्रश्नावर १९२८ मध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते आपल्या वऱ्हाडचे सर मोरोपंत जोशी. १९२९ चा बालविवाहबंदीचा शारदा कायदा आला, तोही हरविलास शारदा यांच्या खासगी विधेयकातून.

गौर दिल्ली आणि नागपूर विद्यापीठांचे कुलगुरू झाले, संविधान सभेत बसले. आयुष्यभराची कमाई ओतून १९४६ मध्ये सागरला विद्यापीठ उभं केलं. २५ डिसेंबर १९४९ ला ते गेले.

आता आजचं बघा. लोकसभेत खासगी कामकाजाला मिळतात शुक्रवारचे शेवटचे अडीच तास. १९५३ मध्ये त्यासाठी खास समिती झाली. ती महत्त्व आणि निकड पाहून विधेयकांची वर्गवारी करते, चर्चेला वेळ ठरवते. ही सुधारणा चांगलीच, पण चिठ्ठ्या अजून सुटलेल्या नाहीत. शिवाय शुक्रवारी संध्याकाळी खासदारांना मतदारसंघाची गाडी पकडायची घाई असते. स्वातंत्र्यानंतर फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा १९७० मध्ये.

मग वेळ वाढवायचा? वार बदलायचा? की ज्या विधेयकाला अनेक पक्षांचा पाठिंबा आहे त्याला चिठ्ठीशिवाय चर्चा द्यायची? कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेला याहून चांगला विषय शोधून दाखवा. आणि अधिवेशन सुरू असताना एखाद्या शुक्रवारी दुपारी संसद टीव्ही लावा. किती बाकं रिकामी आहेत ते मोजा, आणि आपला खासदार दिसतो का तेही बघा.