डुकरांच्या फ्लूचा माग काढणारे डॉ. शोप

रिचर्ड शोप यांचा जन्म १९०१ मध्ये अमेरिकेतील आयोवा या शेतीप्रधान राज्यात झाला. ते माणसांचे डॉक्टर झाले, पण रमले जनावरांच्या आजारांत.

१९१८ मध्ये माणसांत फ्लूची महासाथ सुरू असतानाच आयोवातील डुकरेही आजारी पडू लागली. दोन्ही आजार एकच आहेत, असे पशुवैद्य जे. एस. कोएन यांनी सांगितले, तेव्हा मांसाची विक्री बसेल या भीतीने डुक्करपालक त्यांच्यावर चिडले.

दहा वर्षांनी शोप यांनी हा प्रश्न हाती घेतला. आजारी डुकरांत एक जिवाणू सापडला, पण एकट्या त्याच्यामुळे निरोगी डुकरांना फ्लू होईना. मग त्यांनी श्वासमार्गातील स्राव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. त्या द्रवाने सौम्य आजार झाला. सोबत जिवाणू दिल्यावर तो गंभीर झाला. १९३१ मध्ये त्यांनी हा विषाणू जगापुढे मांडला. माणसांतील फ्लूचा विषाणू त्यानंतर, १९३३ मध्ये सापडला.

पुढे त्यांनी माणसांचे रक्त तपासले. डुकरांच्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे प्रौढांत होती. १९१८ नंतर जन्मलेल्या मुलांत क्वचितच. म्हणजे महासाथीचाच विषाणू डुकरांत टिकून राहिला असावा.

शोप १९६६ मध्ये वारले. २००९ मध्ये पुण्याने धसका घेतलेल्या स्वाइन फ्लूच्या विषाणूत काही जनुके त्याच जुन्या वंशातली होती. माणसांकडून डुकरांत गेलेला आजार असा परतही येतो. म्हणूनच जनावरांच्या तापाकडे दुर्लक्ष नको.