विश्लेषण : ‘मुधोळ हाउंड’ला नाव मिळवून देणारे मालोजीराव घोरपडे कोण होते? त्यांच्या कामाचा आजच्या श्वानपालकांशी काय संबंध?

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुका कर्नाटकच्या सीमेजवळचा. या पट्ट्यात उंच, सडपातळ, लांबट तोंडाच्या शिकारी कुत्र्याला कोणी कारवानी म्हणते, कोणी पश्मी. विकणारा मात्र हमखास ‘मुधोळी’ म्हणतो, कारण त्या एका शब्दाने पिल्लाचा भाव वाढतो. या शब्दाला वजन मिळवून देणारे संस्थानिक १९३७ मध्ये निवर्तले.

मालोजीराव कोण होते?

घटप्रभा नदीच्या परिसरातील मुधोळ हे छोटे मराठा संस्थान, आज ते कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. कन्नड महाकवी रन्नाचे हे गाव. मराठी वाचकांना इथले घोरपडे आठवतात ते शहाजीराजांना पकडणाऱ्या बाजी घोरपड्यांमुळे. या घराण्याने आदिलशाही काळातील फर्माने पिढ्यान्‌पिढ्या जपली. भोसले कुळाच्या संशोधनात ती वापरली गेली आणि त्यांच्या खरेपणावर वादही झाले. याच घराण्यात १८८४ मध्ये मालोजीरावांचा जन्म झाला. १९०० मध्ये, जेमतेम सोळाव्या वर्षी, ते गादीवर आले. पुढे ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला.

कुत्र्यांकडे त्यांचे लक्ष कसे गेले?

या कुत्र्यांचे पूर्वज मध्य व पश्चिम आशियातून व्यापारी तांडे आणि सैन्यांबरोबर दख्खनमध्ये आले असे मानले जाते. सलुकी या जातीशी त्यांचे साम्य सहज दिसते. मुधोळच्या परिसरातील बेडर आणि इतर शिकारी समाजांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. वासापेक्षा नजरेने सावज टिपायचे आणि धावून गाठायचे, ही त्यांची रीत. मालोजीरावांनी हे कुत्रे पाहिले, त्यातले चांगले निवडून राजवाड्यात ठेवले आणि निवडक नर-माद्यांच्या जोड्या लावून पैदास सुरू केली. इंग्लंडभेटीत त्यांनी यातली एक जोडी राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली आणि ‘मुधोळचे हाउंड’ हे नाव रूढ झाले, असे सांगितले जाते. शिवाजी महाराजांच्या सैन्यात हे कुत्रे होते, ही कथाही लोकप्रिय आहे. पण मालोजीरावांचे काम समजून घ्यायला तिची गरज नाही.

जात त्यांनी घडवली का?

नाही. ती आधी रानाने घडवली होती. सशामागे धावताना ज्याला दम लागे, ज्याचा पाय अधू असे किंवा नजर कमी असे, तो कुत्रा शिकाऱ्याच्या कामाचा नसे आणि अशाची पैदास कोणी वाढवत नसे. त्या काळची आरोग्य तपासणी हीच. क्रूर होती, पण चोख होती. मालोजीरावांना अशी तावून-सुलाखून निघालेली जनावरे मिळाली. पारखी नजर त्यांची स्वतःची.

या नजरेपलीकडचे शास्त्र तेव्हा नुकते उमलत होते. ते गादीवर आले त्याच १९०० साली मेंडेलचे अनुवंशाचे नियम युरोपात पुन्हा उजेडात आले आणि त्याच साली कसौलीला पाश्चर संस्था सुरू होऊन पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरील उपचार भारतात मिळू लागले. डिस्टेंपरवरची लस इंग्लंडमध्ये १९२०च्या दशकातील संशोधनातून आली. त्याआधी हा रोग एखाद्या वेतातली सगळी पिल्ले नेऊ शकत असे, मग ती राजवाड्यातली का असेनात.

नंतर काय झाले?

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. राजाश्रय गेला, कुत्रे शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर राहिले. २००५ मध्ये मुधोळ हाउंडचे टपाल तिकीट निघाले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठाचे संशोधन केंद्र उभे राहिले. लष्करानेही मेरठच्या केंद्रात या कुत्र्यांना प्रशिक्षण दिले. पण १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार गुन्हा ठरली. ती थांबली हे योग्यच. मात्र तिच्याबरोबर रानाची परीक्षाही गेली. आता निवड होते ती रंग, उंची आणि भाव पाहून. मोजक्याच नामांकित नरांकडे सगळे जाऊ लागले की नात्यातल्या जोड्या लागतात आणि लपलेले दोष वर येतात.

मग आज काय तपासायचे?

पहिली चाचणी कागदाची. घोरपड्यांनी शेकडो वर्षांची कुळाची कागदपत्रे सांभाळली. पिल्लू विकणाऱ्याकडे निदान आजा-आजीपर्यंतची नोंद असावी. परदेशी जातींसाठी विकसित झालेल्या जनुकीय चाचण्या इथे तशाच लागू पडतील असे नाही, म्हणून ही वही अधिक महत्त्वाची. जोडी लावण्यापूर्वी दोन्ही जनावरांचे हृदय, डोळे, सांधे पशुवैद्यकाकडून पाहून घ्यावेत आणि रक्ताची ब्रुसेला चाचणी करावी. या संसर्गाने मादी गाभडते, नर निकामी होतो आणि माणसालाही तो होऊ शकतो.

२०१७च्या श्वान पैदास नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. १८ महिन्यांच्या आत मादी फळवायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेत घ्यायचे नाहीत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचे नाही. लोहाऱ्याच्या बाजारात पाच आठवड्यांचे ‘मुधोळी’ पिल्लू कोणी पुढे केले, तर भावाची घासाघीस करण्यापेक्षा त्याची आई पाहायला मागावी.

आणखी एक गोष्ट घरी आणल्यानंतरची. या बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार कमी असते, त्यामुळे भुलीच्या काही औषधांचा अंमल त्यांच्यावर जास्त वेळ टिकतो. नसबंदी असो वा जखमेचे टाके, भूल देण्याआधी कुत्रा हाउंड जातीचा आहे हे डॉक्टरांना सांगावे.